स्पीकरवरचं '८ ओहम'चं स्टिकर नखानं खरवडून बघा

अॅम्प्लिफायर १८,५००, चार स्पीकर १४,०००, 'इम्पीडन्स मॅचिंग बॉक्स' (अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जुळवून देणारा डबा म्हणे) ६,८०० आणि फिटिंगचे १,२००. एकूण ४०,५०० रुपये परभणीतल्या एका दुकानदारानं माझ्याकडून उकळले. वडिलांना कीर्तनं नीट ऐकू यावीत म्हणून हा सगळा खटाटोप.

सगळ्यात जास्त जळतं ते मीटरचं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) लावला. आकडा ३.४! "मागं तर ८ लिहिलंय," म्हटलं. तर म्हणे, "सर, मीटर डीसी मोजतंय, कमीच दाखवणार." आता मीटर एकाच दिशेच्या प्रवाहाला (डीसी) होणारा अडथळा मोजतो आणि छापलेला आकडा आवाजाच्या बदलत्या प्रवाहाचा असतो, हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. कुणीही बसला असता. पण ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६-७ दाखवतो. ३.४ म्हणजे सरळ ४ ओहमचा माल, वर नवं स्टिकर.

असे दोन-दोन त्यानं अॅम्प्लिफायरच्या एकेका चॅनलला (डाव्या-उजव्या बाजूला) पॅरलल जोडले, म्हणजे ओहम निम्मे. भार झाला २ ओहम, अॅम्प्लिफायरवर छापलेलं किमान ४. आवाज वाढवला की अॅम्प्लिफायर प्रोटेक्शनला जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. मग बॉक्स गळ्यात मारला. खऱ्या मॅचिंगला ट्रान्सफॉर्मर लागतो, हाताला जड लागतो. हा डबा हलका होता हो! आत निघाले दोन सिमेंट रेझिस्टर (वीज अडवून तापणारे तुकडे), चाळीस-पन्नास रुपयांचे. निम्मी ताकद त्यांच्यातच तापून जायची. शेवटी एक जळाला. दुकानदार म्हणतो, "आपल्याकडं व्होल्टेजचं काही खरं नाही."

घरच्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरला असलं मॅचिंग लागतच नाही. स्पीकरचे ओहम त्याच्या किमान आकड्याखाली जाऊ देऊ नका, बस.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." तक्रार अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. दुसऱ्या एका कार्यालयात बाबू म्हणतो, "पक्कं बिल आणा." अहो, मागूनही बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे! ज्याची तक्रार, तोच कागद माझ्याकडं मागता? मालाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर दाव्याला फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतो, मुदत दोन वर्षं. हे कुणी आपणहून सांगत नाही. रोख देऊ नका. यूपीआयची नोंद होती म्हणून माझ्या हातात काहीतरी राहिलं.

जिंतूर, सेलूकडं कुणी असा डबा घेतला असेल तर फेकू नका. उघडा, फोटो काढा, स्टिकरखालचा मूळ आकडाही टिपून ठेवा.