झुणक्याला भुर्जी समजणारे ॲप: बारा आठवड्यांचा हिशेब

ऑक्टोबरच्या शेवटी केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा टक्का, ६.२ आले. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो, म्हणजे मी उंबरठ्यावर नुसता उभा नसून आत पाऊल टाकण्याच्या बेतात होतो. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. तीन महिने रोज काय खाता आणि किती चालता याची नोंद ठेवा आणि मग या, एवढेच सांगितले. वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो आणि दिवसाचे आठ तास खुर्चीत, अशी माझी जमेची बाजू होती. वहीत नोंद ठेवण्याचा उत्साह चौथ्या दिवशी मावळला, म्हणून भाच्याच्या सल्ल्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक ॲप घेतले. ताटाचा फोटो काढा, पदार्थ, वजन, कॅलरी, प्रथिने सगळे आपोआप कळेल, असा त्याचा दावा होता. तिमाहीची वर्गणी ७९९ रुपये. ॲपचे नाव देत नाही, कारण याच धर्तीची आणखी दोन ॲपे फुकटात चाळून पाहिली आणि त्यांचीही दुखणी जवळपास तीच निघाली.

सुरुवातीची मांडणी चोख आहे. वय, वजन, उंची विचारून ॲपने विश्रांतीतला खर्च १५७५ कॅलरी काढला. हे गणित गूढ नाही: वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, वयाची पाचपट वजा करा आणि पुरुष असल्यास ५ मिळवा. १९९० सालचे हे सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात. हलक्या हालचालीसाठी त्याला १.३७५ ने गुणले की माझा दिवसाचा खर्च २१६५च्या आसपास येतो. त्यातून ५०० वजा करून ॲपने मला रोजची १६५० कॅलरींची मर्यादा घालून दिली. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

तक्रार ताटापासून सुरू होते. पहिल्या रविवारी ताटात झुणका, ज्वारीच्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. फोटो काढला. दोन-तीन सेकंदांत उत्तर आले: अंड्याची भुर्जी, दोन रोट्या, लाल तिखट एक चमचा, एकूण ४०६ कॅलरी. मी चाट पडलो, कारण एवढे जेवून मी दिवसभरात आणखी तीनदा असेच जेवू शकत होतो. दुसऱ्या रविवारी तोच बेत करायला सांगून, या वेळी ओट्यावर वजनकाटा ठेवला. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची जी पोषणतक्ते प्रसिद्ध केली, त्यांत १०० ग्रॅम ज्वारीची ऊर्जा ३३४ कॅलरी दिली आहे. म्हणजे एक भाकरी सुमारे २६७ आणि दोन ५३४. झुणक्यातला माझा वाटा बेसन आणि तेल धरून २६०च्या घरात गेला. चटणी २० ग्रॅम होती, आणि शेंगदाण्याच्या १०० ग्रॅमला ५२० कॅलरी हा आकडा लक्षात घेता ती एकटीच शंभरावर गेली. ॲपने तिला तिखट समजून सहा कॅलरी दिल्या होत्या. सगळी बेरीज ९००च्या आसपास झाली, म्हणजे फोटोने सांगितलेल्याच्या दुपटीहून जास्त.

ही चूक झुणका ओळखता न येण्याची नाही, ती तर एकदा दुरुस्त केली की ॲप लक्षात ठेवते. मूळ अडचण अशी की फोटोत लांबी-रुंदी दिसते, जाडी आणि आतला माल दिसत नाही. हॉटेलातली पापुद्र्यासारखी रोटी आणि घरची टम्म फुगलेली भाकरी फोटोत सारख्याच गोल दिसतात. आमटीवर आलेला कट दिसतो, पण भाजीने पोटात घेतलेले तेल दिसत नाही. भरल्या वांग्यात कूट किती हे तर करणाऱ्यालाही विचारावे लागते. साताऱ्याकडच्या स्वयंपाकातली बरीचशी ऊर्जा नेमकी या न दिसणाऱ्या गोष्टींत असते: कूट, तीळ, खोबरे, तेल. उलट जानेवारीत वाईकडून आलेल्या स्ट्रॉबेरीचा फोटो काढला, तेव्हा ॲपने नगांची संख्यासुद्धा अचूक सांगितली. दिसते तेवढेच खाल्ले तर हे ॲप उत्तम आहे.

नावांचा घोळ निराळाच आहे. एकदा जेवणात वाघ्या घेवड्याची उसळ होती. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा मी त्याचे नाव मोठ्या विश्वासाने टंकित केले. ॲपने ‘घेवडा’ एवढाच शब्द धरला आणि हिरव्या शेंगांच्या भाजीची नोंद करून टाकली. आपल्याकडे हिरव्या शेंगेलाही घेवडा म्हणतात आणि वाळल्या दाण्यालाही, हे खरे. पण एकात १०० ग्रॅमला पंचवीस-तीस कॅलरी आणि दुसऱ्यात तीनशेच्या आसपास, आणि प्रथिनांचा फरक तर त्याहून महत्त्वाचा. शेवटी कोरेगावचा घेवडा ‘राजमा’ म्हणून नोंदवावा लागला. ‘पोहे’ शोधले तर एका वाटीला १३० पासून ३२० पर्यंत कॅलरी सांगणाऱ्या डझनभर नोंदी समोर येतात, त्यांतल्या बऱ्याच वापरणाऱ्यांनीच भरलेल्या. कोणती निवडायची हे ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावे.

उपवासाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संकष्टीच्या दिवशी सकाळी मी ‘उपवास’ हे बटण दाबले. ॲपने सोळा तासांचे घड्याळ सुरू केले. दुपारी साबुदाण्याची खिचडी नोंदवताच घड्याळ थांबले आणि ‘तुमचा उपवास मोडला आहे, निराश होऊ नका’ असा दिलासा आला. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि चंद्रोदयापर्यंत अधूनमधून मला त्यावरून ऐकवले. मात्र त्याच दिवशी ॲपचा एक खरा उपयोगही कळला. एका ताटलीतला साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, तीन चमचे तूप आणि बटाटा यांची बेरीज ६००च्या जवळ गेली, रात्री उपवास सोडतानाचे मोदक निराळेच, आणि महिन्याच्या आलेखात सर्वांत उंच खांब उपवासाच्या दिवसाचा निघाला. हे मी एरवी कोणाच्या सांगण्यावरून मानले नसते.

यातून मार्ग निघाला तो बोलून नोंद करण्याच्या सोयीतून. ध्वनिमुद्रणाचे बटण दाबून ‘ऐंशी ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी, अर्धी पळी तेलातली मेथीची भाजी, एक वाटी ताक’ असे साध्या मराठीत सांगितले की ॲप ते तुकडे नीट वेगळे करते, आणि इथे त्याची बुद्धिमत्ता खरोखर वाखाणण्यासारखी आहे. ‘पळी’ हे माप त्याला माहीत नव्हते. पण स्वतःचे माप साठवता येते. आमच्या घरची पळी काट्यावर मोजली तर तिच्यात १८ ग्रॅम तेल मावते, म्हणजे १६२ कॅलरी. तेव्हापासून ॲपला ‘आमची पळी’ कळते. ‘कोरड्यास’, म्हणजे भाकरीबरोबर खायचे कालवण, हा शब्दही शिकवून पाहिला, तो मात्र त्याने कोरडा नाश्ता म्हणून घेतला.

घरात या सगळ्याचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात ‘अहो, जेवण निवतंय, त्याचं फोटोसेशन झालं असेल तर बसा’ हे वाक्य रोज ऐकले. तेल मोजून घालण्याची सूचना तर साफ फेटाळली गेली, आणि ते योग्यच होते. चाळीस जणांची पंगत अंदाजाने उठवणाऱ्या हाताला चमचा कोण शिकवणार? मग मी डब्याकडे वळलो. आम्हा तिघांच्या घरात पाच लिटरचा तेलाचा डबा बरोबर महिनाभर पुरतो. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. तीस दिवस आणि तीन माणसे यांनी भागले की माणशी रोज ५० ग्रॅम तेल आले, कॅलरीत सांगायचे तर ४५०. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांतल्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून ३० ग्रॅमच्या आत बसवलेले आहे. हा हिशेब मात्र सौभाग्यवतींनी एकदम उचलून धरला, कारण त्यात त्यांच्या हाताला कोणी नावे ठेवत नव्हते. आता डबा दीड महिना पुरवायचा, असे ठरले आहे. ॲपमध्ये असा महिन्याच्या किराण्यावरून काढलेला अंदाज टाकायला जागाच नाही. एकत्र शिजणाऱ्या आणि एकत्र जेवणाऱ्या घराची कल्पना ॲप बनवणाऱ्यांनी केलेली दिसत नाही.

प्रथिनांच्या बाबतीत ॲपने माझे डोळे उघडले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. किलोमागे ०.८३ ग्रॅम या प्रमाणाने मला रोज ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. पहिल्या दोन आठवड्यांची सरासरी ४१ निघाली, आणि त्यातही निम्म्याहून अधिक भाकरी-पोळीतून. आपण डाळ खातो असा माझा समज होता, प्रत्यक्षात आपण डाळीचे पाणी पितो. मग सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी ताकाऐवजी घट्ट दही आणि आठवड्यातून चारदा अंडी असा बदल केला. हा सल्ला ॲपच्या संवाद-साहाय्यकाने दिलेला नाही. त्याने क्विनोआ आणि ग्रीक योगर्ट सुचवले होते. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ते शोधत हिंडण्यापेक्षा मी मटकी भिजत घातली.

व्यायामाच्या बाजूला मात्र अतिशय सावध राहावे. मी सकाळी राजवाड्यापासून ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालत जातो आणि रविवारी अजिंक्यतारा चढतो. तासाभराच्या सपाट चालीला ॲप २७३ कॅलरी देते. बसल्या खर्चाच्या किती पट हे सांगणाऱ्या साडेतीन या गुणांकाला वजनाने गुणून आलेली ती संख्या आहे. पण त्यातल्या ७८ कॅलरी मी तो तास खुर्चीत बसून काढला असता तरी खर्चल्या असत्या, आणि त्या दिवसाच्या २१६५ मध्ये आधीच धरलेल्या आहेत. ॲप तरीही पूर्ण २७३ ‘तुम्ही कमावल्या’ म्हणून जेवणाच्या मर्यादेत मिळवते. म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा. आमच्या कार्यालयात असा ताळेबंद कोणी मांडला असता तर त्याला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतले असते.

चढाच्या बाबतीत ते उलट बाजूला चुकते. माझ्या फोनमध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजण्याची सोय नाही, त्यामुळे ॲप पावले आणि अंतर एवढेच धरते. किल्ल्याच्या चढावर पावले आखूड पडतात, अंतर कमी भरते आणि धाप लागून वर पोहोचलेल्या माणसाला बागेत फेरी मारल्याचे श्रेय मिळते. वास्तविक ७८ किलोचे शरीर १०० मीटर उचलायला, स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के धरली, तर चालण्याखेरीज आणखी ७५ ते ९० कॅलरी लागतात. हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. पुढे एका रविवारी यवतेश्वरच्या घाटातून गर्दीमुळे स्कूटर रेंगाळत आणली, तर घरी पोहोचेपर्यंत ४० मिनिटे सायकल चालवल्याबद्दल अभिनंदन आलेले होते. त्या दिवसापासून व्यायामाच्या कॅलरी जेवणात मिळवण्याचा पर्याय मी बंद ठेवला आहे. तो ॲपच्या मांडणीच्या (सेटिंग्जच्या) तिसऱ्या पानावर सगळ्यात खाली दडवलेला आहे, पण आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. सात दिवस फुकट म्हणून सांगतात. सातव्या रात्री काही न कळवता वर्गणी कापली गेली, कारण सुरुवातीलाच यूपीआयच्या ऑटोपेला मंजुरी घेतलेली असते. आपल्या यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती मंजुरी रद्द करता येते, आणि हे ज्या दिवशी ॲप उतरवाल त्याच दिवशी करून टाकावे. फोनमधले संपर्क पाहण्याची परवानगीही मागतात. भाकरी मोजायला माझ्या मेहुण्याचा नंबर कशाला हवा, हे समजले नाही. नाकारली तरी काही अडत नाही.

बारा आठवड्यांनी वजन ७४.६ किलो आणि एचबीएवनसी ५.९ आले. यातले श्रेय कोणाला किती, हे ठरवणे अवघड आहे: तेल घटले, मटकी वाढली, चालणे नियमित झाले आणि तोंडात टाकण्यापूर्वी सांगावे लागेल या संकोचाने दुपारच्या चहाबरोबरचा कंदी पेढा सुटला. पाव किलोत तेरा पेढे बसले, म्हणजे एक १९ ग्रॅमचा आणि सुमारे ७५ कॅलरींचा; पूर्वी मी दोन घ्यायचो. ज्यांच्या घरी रोज वेगळा स्वयंपाक होतो आणि जे पदार्थ सांगण्याचा कंटाळा करणार नाहीत, त्यांना हे ॲप उपयोगी पडेल. इन्शुलिन घेणाऱ्यांनी फोटोवरच्या कर्बोदकांच्या आकड्यावर डोस मुळीच ठरवू नये. त्या आकड्याची तऱ्हा वर सांगितलीच आहे. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण, त्यांतले दोन बोलून नोंद करण्याच्या सोयीला.

तिमाही संपल्यावर मी वर्गणी भरली नाही. फुकटच्या आवृत्तीत रोज दोनच फोटो काढता येतात आणि साहाय्यकाशी बोलता येत नाही. तोंडी नोंदीवर मात्र मर्यादा नाही, आणि ‘आमची पळी’ही तशीच शाबूत राहिली आहे.