चुना चोख, सुरखीने मात्र चुना लावला

इंदूरमधल्या एका बंद मिलच्या बॉयलरघराची भिंत रहिवासी आणि जुने मिल कामगार मिळून सावरताहेत. त्यासाठी एकाच व्यापाऱ्याकडून घेतलेल्या दोन वस्तूंचा हा हिशेब: तयार मुरवलेला चुना, 30 किलोची बादली, आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, 25 किलोचं पोतं. भिंत जुनी, चुन्याची, म्हणून दरजांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, सिमेंट नको. सिमेंट विटेहून कडक आणि ओल कोंडणारं. क्षार विटेतच साठतात, विटेचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी सिमेंटची जाळी तेवढी उरते.

चुना उत्तम. झाकण काढल्यावर वर बोटभर पाणी होतं. ते ओतून देऊ नका, चुन्याला हवेपासून तेच राखतं. खाली चुना चक्क्यासारखा घट्ट, थापीने स्वच्छ कापला जाणारा. बारीक चाळणीतून घासला, एक खडा नाही. अर्धवट विझलेली चुनकळी (भट्टीतून निघालेला कोरडा चुना) दरजेत गेली तर ओल पिऊन फुगते आणि महिन्यांनी टवका उडवते, म्हणून ही चाळणी चुकवायची नाही. चुनकळी स्वतः विझवणं स्वस्त पडतं खरं, पण पाणी उकळून उडतं आणि डोळ्यांत शिंतोडा गेला की थेट दवाखाना. रविवारच्या श्रमदानाला हे झेपणारं काम नाही. बादलीचे जादा पैसे इथेच वसूल होतात. चष्मा आणि हातमोजे तरीही लागतातच.

सुरखी मात्र घेऊ नका. रंग काळपट, चिमटीत रवाळ. खंगर विटांची भरड असावी. फार भाजलेल्या विटेची चुन्याशी गट्टी जमत नाही. परीक्षा सोपी आहे: चुना आणि सुरखी समभाग मळून लाडू वळा, सात दिवस ओल्या फडक्यात ठेवा, मग पाण्यात सोडा. पोत्यातल्या सुरखीचा लाडू अर्ध्या तासात चिखल झाला. कमी भाजलेल्या विटा कुटून, फडक्यातून चाळून केलेला दुसऱ्या दिवशीही शाबूत होता.

प्रमाण मापाने घ्या: 1 चुना, 1 सुरखी, 2 धुतलेली वाळू. दरज 10 मिमी रुंद आणि 25 मिमी खोल कोरली, तर चौरस मीटरला सुमारे 4 लिटर मसाला लागतो, सांडलवंड धरून 5. एका बादलीत 12-13 चौरस मीटर निघतात. कोरायला छिन्नी-हातोडीच वापरा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात. धूळ झाडून भिंत आधी पाणी पाजून ठेवा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि दरज बोटाने खरवडली तरी भुगा होते. मसाला दाबून भरा, निदान सात दिवस ओलं गोणपाट लावा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर हे काम काढूच नका; दसऱ्यानंतरचे दिवस बरे. दरजेचा तुकडा फोडून आत फिनॉल्फ्थेलिनचा (क्षारता दाखवणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाका: गुलाबी झाला तर तिथवर चुना अजून हवेने पक्का झालेला नाही.

सोबतच्या पत्रकात ‘लवकर घट्ट होण्यासाठी पांढरं सिमेंट मिसळा’ असं छापलंय. चुना इतका चांगला करणाऱ्याने हे लिहावं, याचं नवल वाटतं. बादलीवर चुना भिजवल्याची तारीखही नाही. ती विचारून बिलावर लिहून घ्या, आणि तीन महिन्यांहून कमी मुरलेला माल परत करा.