मगरीचा अंक आणि तीन तोंडांची केबल: पेन डिस्प्ले, वापरानंतरचा अनुभव

पेन डिस्प्ले म्हणजे ज्यावर पेनाने थेट चित्र काढता येतं असा, लॅपटॉपला जोडायचा पडदा. माझा तेरा इंची, लॅमिनेटेड (म्हणजे वरची काच पडद्याला चिकटवलेली), फुल एचडी, बिनबॅटरीचं पेन, दाबाच्या ८१९२ पातळ्या. हे सगळं खोक्यावरच छापलेलं असतं, ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही घेत नाही. माझं भांडण ज्या वस्तूशी आहे ती या किमतीतल्या बऱ्याच पेन डिस्प्लेंच्या खोक्यात निघते. ती वस्तू म्हणजे केबल.

तिला एका टोकाला तीन तोंडं: एक एचडीएमआय, एक यूएसबी, एक वीज घ्यायला. दुसऱ्या टोकाला एकच यूएसबी-सी, ते पडद्याच्या उजव्या कडेला घुसतं. ज्यांच्या लॅपटॉपच्या सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं (डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात तो) त्यांचं एका बऱ्यापैकी, लांब तोंडाच्या सी-टू-सी वायरीत भागतं. त्यांनी हा लेख अर्धा सोडला तरी चालेल. माझा लॅपटॉप जुना. त्याला सी पोर्ट आहे, पण त्यातून नुसता डेटा जातो. आणि नवा लॅपटॉप घेण्याइतके पैसे असते तर मी स्वतःच्या खर्चाने काळ्यापांढऱ्या चित्रांचा अंक काढायच्या भानगडीत पडले असते का, हा प्रश्न घरात अधूनमधून विचारला जातोच.

अंक चोवीस पानांचा. मध्ये पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत, आणि अठ्ठावीस परवडत नव्हती. गोष्ट बडोद्याची: २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात विश्वामित्री नदीतली एक मगर एका सोसायटीच्या जिन्यात येऊन बसते आणि पहिल्या मजल्यावरचे नाना तिच्याशी मराठीत भांडतात. त्या दिवसांत मगरी खरोखरच वस्तीत आल्या होत्या, त्यामुळे बडोदेकरांना कथानक समजावून सांगावं लागत नाही. पुण्याच्या मैत्रिणीला मात्र आधी पटवावं लागलं की आमच्याकडे शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात, आणि पूल ओलांडताना लोक तेवढ्यासाठी स्कूटर थांबवतातही.

पहिले काही महिने मजेत गेले. पूर्वी मी आयव्हरी कार्डवर टाकाने शाई करायचे, मग दुकानात जाऊन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन, मग घरी येऊन डाग पुसणं. स्कॅनचे पैसे पानामागे मोजायचे, शिवाय मशिनची काच कोणी पुसलेली असली तर नशीब. पडद्यावर हे सगळं गेलं. सॉफ्टवेअर क्रिटा, फुकट आणि तरीही लाज वाटू नये असं. ए-फाइव्ह पान ६०० डीपीआयला साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेल होतं. माझा आठ जीबीचा लॅपटॉप तेवढं कण्हतकुथत ओढतो, फक्त लेयर वाढवायचे नाहीत.

लॅमिनेशनसाठी जास्त पैसे का द्यायचे, असं घेताना वाटलं होतं. सयाजीगंजात एका दुकानात बिनलॅमिनेटेड पडदा हाताळून पाहिला तेव्हा पेनाचं टोक एकीकडे आणि रेघ तांदळाच्या दाण्याएवढी पलीकडे उमटत होती. तिथेच मत बदललं. या एका गोष्टीसाठी दिलेला पैसा वसूल आहे. बाकी कडेची सहा बटणं पहिल्या महिन्यात निरुपयोगी वाटली, आता ‘अनडू’चं बटण झिजत चाललंय. खरखरीत फिल्म निबा खाते, पण फिल्म स्वतःही गुळगुळीत होत जाते आणि मग निबा टिकतात, तेव्हा त्या तक्रारीत दम नाही.

सावकाश ओढलेली तिरकी रेघ किंचित नागमोडी येते, ही तक्रार मात्र खरी. पडद्यामागे तारांची जाळी असते, पेनाची जागा तिच्यावरून मोजली जाते, आणि हळू हाताला ती मोजणी उघडी पडते. मगरीच्या जबड्याची लांब रेघ तर सावकाशच ओढायची असते. क्रिटातला स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेतली थरथर काढून टाकणारी सोय, चालू केला की निभतं.

आता केबल.

सतराव्या पानावर मी होते. पूर्ण पानाचं एकच चित्र: रात्र, लाइट गेलेले, नाना वरून टॉर्च मारताहेत आणि खाली पाचव्या पायरीवर मगर. आमच्या नदीतल्या जातीच्या मगरीला मानेवर चार मोठे खवले चौकोनात असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे. पाठीवर त्यांच्या रांगा होतात. ते नीट आले नाहीत तर मगरीची पाल होते. मी त्या चौकोनातला तिसरा खवला भरत असताना पडदा काळा झाला. हात थांबायच्या आत परत उजळला, तेव्हा खवल्यापासून नाकपुडीपर्यंत एक जाड काळी रेघ. म्हणजे चित्र जात होतं, पण पेन चालूच होतं. दोन्हींच्या तारा एकाच केबलीत वेगवेगळ्या, आणि त्यातली चित्राची तार मेली होती.

मेली कशाने ते सांगते. ते सी तोंड सरळ आहे, कोपऱ्यात वळलेलं नाही. पडद्याच्या कडेतून चांगलं दोन बोटं बाहेर राहतं, आणि जाडजूड केबल त्याला खाली लोंबते. पडदा उचलला, तिरका केला, मांडीवर घेतला की सगळा ताण त्या एका सांध्यावर. बरं, बाहेरची दुसरी साधी तीन तोंडांची केबल लावावी तर खोबण इतकी आत आहे की साध्या केबलचं तोंड पोचतच नाही. हे मुद्दाम केलंय असं माझं मत, आणि ते बदललेलं नाही. सयाजीगंजातल्या दुकानदाराने केबल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “बेन, आ तो कंपनीनी ज आवे. लोकलमां नहीं मळे.” कंपनीच्या साइटवर ती सतराशे रुपयांना. माझा अंक साठ रुपयांना विकायचा आहे. अठ्ठावीस-एकोणतीस अंक फक्त त्या वायरीसाठी विकायचे, छपाई धरलेलीच नाही.

वॉरंटी चालू होती, म्हणून सर्व्हिसला लिहिलं. बिल पाठवा. पाठवलं. सिरियल नंबरचा फोटो. पाठवला. पडदा काळा होतानाचा व्हिडिओ. आता पडदा काही व्हिडिओसाठी सवडीने काळा होत नाही. एका हाताने केबल हलवत, दुसऱ्या हाताने फोन धरून तोही काढला. त्यावर उत्तर आलं की व्हिडिओत केबल हलवलेली दिसते, सबब हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मी फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण एकच वाक्य म्हणत होता: “मॅम, केबल अ‍ॅक्सेसरी में आती है.” मी विचारलं, केबलीशिवाय हा पडदा चालतो का? नाही म्हणाला. मग अ‍ॅक्सेसरी कशी? त्यावर त्याने मला होल्डवर ठेवलं.

मधल्या काळात दोन उपाय केले, दोन्ही सांगण्यासारखे. एक, पेन चालतंय म्हटल्यावर पडदा काळाच ठेवला आणि नजर लॅपटॉपवर ठेवून काढलं. म्हणजे तीन हजारांत मिळणाऱ्या बिनपडद्याच्या पॅडचं काम मी वीस हजारांच्या वस्तूकडून करून घेतलं. चौकटी आणि संवादाच्या फुग्यांच्या रेघा अशा निघतात, चेहरे निघत नाहीत. दोन, अठरा ते वीस ही पानं पुन्हा कागदावर केली. माळ्यावरून टाक काढले, कॅमलची इंडियन इंक आणली, आणि तीन संध्याकाळी हात परत बसेपर्यंत नुसते खवले काढले.

इथे माझं मत थोडं हललं, म्हणून नोंदवून ठेवते. अंक हातात आला की सतरा आणि अठरा ही पानं शेजारी धरून बघा. अठरावरची मगर जास्त जिवंत आहे. टाक दाबला की त्याचे दोन पाय फाकतात, उचलताना मिटतात, आणि खवल्याच्या कडेला रेघ जिथे संपते तिथे कागद किंचित खरवडला जातो. ते ८१९२ पातळ्यांत कुठे नाही. पाण्याचं मात्र उलटं. पुराचं पाणी पडद्यावरच चांगलं निघालं, कारण तिथे एक लाट बिघडली तर एकच लाट पुसायची, अख्खं पान नव्हे. वीस हजार पाण्यासाठी गेले म्हणायचे.

एक महिना असा गेल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार घातली. फार आशेने नाही, राग कुठेतरी नोंदवायचा म्हणून. गंमत म्हणजे त्यानंतर कंपनीकडून मेल आला, तोही पहिल्यांदाच खालती माणसाचं नाव असलेला. ‘सद्भावनेपोटी’ नवी केबल पाठवतो, जुनी तुम्ही स्वखर्चाने कुरिअर करा. सद्भावना त्यांची, कुरिअर माझं. पण केलं. कोणाला असाच अनुभव आला असेल तर पहिल्याच नकारानंतर १९१५ला लिहा, एक महिना घालवू नका. मेलमध्ये मागे झालेल्या बोलण्याच्या तारखा आणि तक्रार क्रमांक टाका, त्याने फरक पडतो.

केबल आली ती धनत्रयोदशीला. बेत असा होता की दिवाळी अंकांच्या गर्दीत आपलाही एक बारका अंक. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणूस या दिवसांत छापील कागदाला पैसे देतो, त्याचा फायदा घ्यावा. उरलेली चार पानं दोन रात्रींत उरकून रावपुऱ्यातल्या प्रेसवाल्यांना फोन केला. “बेन, हवे तो लाभपाचम पछी.” म्हणजे दिवाळी उलटून कामधंदे पुन्हा सुरू होतात तेव्हा. गुजरातेत राहून हे माहीत नसायला मी काही काल आलेली नाही, पण ऐकताना जीव चडफडला. एका वायरीपायी दिवाळी गेली.

आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट. नव्या केबलचं तोंड काटकोनात वळलेलं आहे. म्हणजे कंपनीला दोष ठाऊक होता, दुरुस्तही केला होता, आणि तरी मला फिजिकल डॅमेज ऐकवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी मी दोन बरे शब्द लिहिले असते. ते वळलेलं तोंड खालच्या दिशेला, म्हणजे काढणाऱ्याच्या अंगाकडे येतं. उलटं लावलं तर चित्रच येत नाही. परिणामी केबल पडद्याच्या उजव्या कडेने खाली येऊन थेट माझ्या कोपराखाली. मी ती सेलोटेपने पडद्याच्या पाठीला चिकटवून वरच्या बाजूने नेली आहे. दिसायला भिकार, चालायला उत्तम. महिने झाले, एकदाही पडदा काळा झालेला नाही.

अक्षरांबद्दल थोडं, कारण हा प्रश्न मराठीत काढणाऱ्या सगळ्यांना येतो आणि त्यात पडद्याचा दोष नाही. फुग्यांतला मजकूर मी आधी ज्या प्रोग्रॅममध्ये टाकत होते तो ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’ करायचा. आणि मगर तर अख्खा अंकभर कोपऱ्यातच बसलेली. शेवटी पानं क्रिटात, फुगे इंकस्केप या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये अशी वाटणी केली. तिथे ‘ऱ्या’ शाबूत राहतो. फॉन्ट कलम, हाताने लिहिल्यासारखा दिसतो आणि फुकट आहे. ‘धप्प’ आणि ‘छपाक्’ मात्र पेनाने स्वतः काढले, ते टाइप करायची गोष्टच नव्हे.

छपाई परवा हातात आली. आतली पानं छान: काळा फक्त काळ्याच शाईचा ठेवला होता, चार रंगांचा मिळून नव्हे, त्यामुळे बारीक रेघा कुठे दुहेरी झाल्या नाहीत. कव्हरवर गडबड आहे. पडद्यावर मगर शेवाळी हिरवी होती, कागदावर ती विश्वामित्रीच्याच रंगाची उतरली. पडद्याचा उजेड कारखान्यातून येतो तसाच कमाल ठेवला की रंग खोटे दिसतात. मी आता तो निम्म्यावर आणून आणि क्रिटातलं सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावरच दाखवतं ते) लावून बसते. नानांच्या लुंगीचा निळा मात्र हुबेहूब आलाय.

पाचपैकी साडेतीन. एक सर्व्हिसचा कापला, अर्धा केबलचा. सेलोटेप चिकटवण्याआधी केबलचाही पूर्ण एक कापला होता. लॅपटॉपच्या सीमधून चित्र येत असेल तर बिनधास्त घ्या, नसेल तर खोक्यातल्या केबलचं तोंड वाकडं आहे की सरळ ते दुकानातच उघडून बघा आणि सरळ निघालं तर तिथेच परत द्या.

डावखुऱ्यांना चालेल का, असं एकाने विचारलं होतं. ड्रायव्हरमध्ये पडदा १८० अंशांत फिरवता येतो, बटणं उजवीकडे जातात, सगळं सोयीचं होतं. फक्त केबलची खोबण मग डावीकडे खाली येते, बरोबर मनगट टेकतं तिथे. त्यांनी दुसरा कुठलातरी बघावा.