कॅम्परचे टाय-डाऊन स्वतः बसवून आठ महिने झाले: सगळं ठीक, नडगी सोडून

गेल्या शनिवारी तिसऱ्यांदा नडगी फुटली. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला ट्रकच्या बाजूने गेलो आणि कॅम्पर (पिकअपच्या हौद्यात ठेवायचं छोटं घर) बांधायच्या त्या बाहेर आलेल्या लोखंडी दांड्यावर अशी आपटली की डोळ्यासमोर तारे चमकले. तिथेच ठरवलं, आता चारही दांडे काढून गॅरेजमध्ये टाकायचे. कॅम्पर सध्या उतरवलेलाच आहे, मग हे शिंगं बाहेर काढून फिरायचं कशाला. तीन निघाले. थोडी कुरकुर केली पण निघाले. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा मात्र तसूभर हलायला तयार नाही, म्हणून हा रिव्ह्यू आज रागात लिहायला घेतोय, हे आधीच सांगतो.

पिकअपवर कॅम्पर ठेवणाऱ्यांना टाय-डाऊन म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच की कॅम्पर ट्रकला ओढून धरून ठेवणारी ही जोडणी. आधी मीही हौद्याच्या पत्र्याला बसणाऱ्या हुकांवर काम भागवायचा विचार केला होता, कारण स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम. पण हौदा आणि चेसिस (ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा) ही दोन वेगळी माणसं आहेत हो, खराब रस्त्यावर दोघं वेगवेगळे पिळले जातात, आणि कॅम्परचं सगळं ओढणं त्या पातळ पत्र्यावर येतं. माझ्या ओळखीतल्या एकाच्या हौद्याचा पत्रा हुकाभोवती पापडासारखा फुगलेला मी डोळ्यांनी बघितलाय. त्यात आता सगळे हौदे स्टीलचे राहिले नाहीत, फोर्डने एफ-१५० ला २०१५ पासून आणि सुपर ड्यूटीला २०१७ पासून ॲल्युमिनियमची बॉडी दिलीय. माझा कॅम्पर भरल्यावर २,८०० पौंडांच्या आसपास जातो. पाण्याची टाकी ३० गॅलनची आहे, पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे नुसतं पाणीच अडीचशे पौंड. एवढं वजन वळणावर एका बाजूला झुकतं तेव्हा पत्र्याच्या भरवशावर राहायची माझी तरी हिंमत नव्हती. म्हणून चेसिसला बसणारं किट घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल.

शॉपमध्ये विचारलं तर लावायची मजुरी ऐकून हसूच आलं. तेवढ्यात मी एक चांगला टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना), लांब ब्रेकर बार आणि गंजात शिरणाऱ्या पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन डबे घेतले आणि तरी पैसे उरले, आणि हत्यारं कायमची घरात राहिली ते वेगळंच. बायको म्हणाली, "शनिवार-रविवार दोन्ही जाणार तुझे." मी म्हटलं एक दिवस. ती बरोबर निघाली.

पुढच्या ब्रॅकेटला (चेसिसला बोल्टने बसणारा, दांडा धरणारा आधार) ट्रकखाली उताणं पडावं लागतं. माझ्या ट्रकचं चेसिस पेटीसारखं बंद आहे, नवीन भोक पाडायचं नाही, जी भोकं आधीपासून आहेत तीच वापरायची. पण बोल्ट आतून बाहेर यायला हवा आणि आत हात जात नाही. त्यासाठी किटमध्ये एक स्प्रिंगसारखी पिळदार तार येते. तिचं टोक बोल्टच्या आट्यांवर फिरवून घट्ट करायचं, मोठ्या भोकातून बोल्ट आणि चौकोनी पट्टी आत ढकलायची आणि तारेने ओढत ओढत छोट्या भोकातून बाहेर काढायची. वाचायला सोपं वाटतं. पहिला बोल्ट पाच मिनिटांत आला, मी खूष. दुसऱ्याला तार सुटली आणि बोल्ट चेसिसच्या पोटात खळ्ळकन पडला, मग मुलाने चुंबकाच्या काठीने पाऊण तास मासे धरल्यासारखा तो शोधला. तेव्हापासून तारेने आटे नीट पकडले का ते दोनदा बघूनच ओढायचो.

प्रवासी बाजूला सायलेन्सरचा पाइप जवळून जातो, तिथे वायर वगैरे ब्रॅकेटला टेकत नाही ना ते बघून घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला डिझेलची टाकी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

मागचे दोन ब्रॅकेट टो-हिचच्याच (ट्रेलर ओढायला मागे लावलेला जोड) बोल्टवर बसतात. स्टेपनी खाली सोडावीच लागते, नाहीतर बोल्टपर्यंत हात पोचतच नाही. आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढू नका. हिच म्हणजे चांगलं जड धूड आहे, तोंडावर आलं तर दवाखाना. मी खाली जॅक लावला, एका बाजूचे जुने बोल्ट काढून किटमधले लांब बोल्ट घातले, मग दुसरी बाजू. जुने बोल्ट गंजलेले होते, आदल्या रात्री तेल मारून ठेवलं नसतं तर बहुतेक डोकीच तुटली असती. किटमधले बोल्ट ग्रेड ८ चे आहेत, डोक्यावर सहा रेघा मोजून खात्री करून घेतली. त्यातला एक हरवला तर तीन रेघांचा ग्रेड ५ चालेल म्हणून कुणी सांगेल, ऐकू नका. तसेच चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे घालायचा मोहही टाळा. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर जोरात फिरवला की आटे एकमेकांना चिकटतात, मग पुढेही नाही मागेही नाही, कापूनच काढायचं.

टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, जो कागदावर लिहिलाय तोच. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावायचं नाही, कागदात सांगितलं असेल तरच. कारण तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. हे मला आधी माहीत नव्हतं, मी एकाला प्रेमाने चोपडलं होतं, मग पुसत बसलो. पन्नास-एक मैल चालवून परत सगळे तपासले, एक मागचा बोल्ट पाव फेरा फिरला. बाकी आजपर्यंत एकही हललेला नाही. बसवण्याच्या कामाला माझ्याकडून पूर्ण मार्क, शॉपची अजिबात गरज नाही.

टर्नबकल (दांडा आणि कॅम्परच्या कड्यामध्ये लावून फिरवत आवळायचा जोड) मात्र मी कंजूषपणा करून साधे घेतले, बिनस्प्रिंगचे. ही माझी चूक, किटची नाही. पहिल्याच ट्रिपला खडी-मातीचा रस्ता लागला, पन्हाळी पत्र्यासारखा खाचाखाचांचा, दहा मैल नुसती दातखीळ बसलेली. उतरून बघतो तर मागचा एक टर्नबकल स्वतःच फिरून ढिला झालेला, लॉकनट घट्ट करायचाच राहिला होता, आणि कॅम्पर दोन इंच मागे सरकलेला. घाबरून मी पुढच्या स्टॉपला सगळेच कचकचून आवळले, जेवढं हातात बळ होतं तेवढे. त्याचं फळ म्हणजे पुढच्या मुक्कामात कॅम्परच्या डाव्या पंखाखालच्या (हौद्याबाहेर आलेल्या भागाखालच्या) कड्याभोवती केसासारखी भेग दिसली. आत लाकूड आहे हो तिथे! पाणी शिरून ते आधीच मऊ झालं असतं तर कडं लाकडासकट हातात आलं असतं.

मग मुकाट्याने स्प्रिंगवाले घेतले. फरक जमीन-अस्मानाचा. स्प्रिंग थोडी दबलेली दिसली पाहिजे पण पूर्ण बसलेली नको, म्हणजे चेसिस पिळलं की तिला द्यायला-घ्यायला जागा राहते. पुढचे दोन कॅम्परला खाली आणि किंचित पुढे ओढतात तसे लावा. हौद्यात रबरी मॅटही टाका, ती नसेल तर टर्नबकल कितीही घट्ट करा कॅम्पर गुळगुळीत पत्र्यावर सरकायला बघणारच. आता प्रत्येक पेट्रोल पंपावर मी चारही बाजूंनी हात लावून एक चक्कर मारतो, लोक बघतात, बघू देत.

आता परत नडगीवर येतो, कारण हा सगळा रिव्ह्यू त्याचसाठी आहे. चेसिसवाल्या किटमध्ये ब्रॅकेट म्हणजे चौकोनी पोकळ नळी, आणि तिच्यात दांडा सरकवून पिन घालायची. कॅम्पर चढवला की दांडा बाहेर, उतरवला की दांडा काढून ठेवायचा, अशी सोय. पण हे दांडे ट्रकच्या बाजूला बरोब्बर नडगीच्या उंचीवर येतात, आणि टोकाला कडी असल्याने लागतं तेही टोकदार. सप्टेंबरपासून माझ्या दोन, बायकोची एक, आणि शेजाऱ्यांच्या मुलाची एक असा स्कोअर होता. परवाची माझी तिसरी. एवढ्या किमतीच्या किटमध्ये टोकाला घालायला एक रबराची टोपी देता आली नसती का? चार टोप्या! मला याचाच जास्त राग आहे, टाय-डाऊनच्या ताकदीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही.

आणि तो अडकलेला दांडा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या खाऱ्या चिखलाने नळी आतून गंजून दांड्याला धरून बसलेली. कंपनीला फोटोसकट मेल केली, वॉरंटीत दुसरं ब्रॅकेट द्या म्हणून. उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. मी परत लिहिलं की मग ही काढता येणारी सोय काय शोभेची आहे का, थोडं जास्तच लिहिलं. चार स्टार देणार होतो, रागात दोन केले आणि इथपर्यंत लिहून झोपलो.

तीन दिवसांनी पुढचं लिहितोय. तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कंपनीने मॅन्युअलच्या पानाचा फोटो पाठवला. त्यात साफ लिहिलंय की कॅम्पर उतरवला की दांडे काढा, आणि दांडा घालताना दरवेळी अँटी-सीझ चोपडा. माझी कॉपी काढून बघितली तर तेच पान, त्यावर माझ्याच काळ्या अंगठ्याचा ठसा बरोबर त्या ओळीवर. बोल्टला लावू नका म्हटलं तिथे मी लावलं आणि दांड्याला लावा म्हटलं तिथे नाही, आणि वर अख्खा हिवाळा चारही दांडे तसेच ठेवून ट्रक रोज मिठाच्या पाण्यातून चालवला. बायकोला दाखवलं नाही.

दुसरं म्हणजे दांडा निघाला. गॅसच्या टॉर्चने तापवायचा विचार आला होता, पण ती डिझेलची टाकी बाजूलाच आहे म्हटल्यावर तो विचार जागच्या जागी सोडला. चौकोनी असल्यामुळे पिळूनही उपयोग नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पिनच्या भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं. मग दांड्याच्या कड्यात साखळी अडकवली, साखळीचं दुसरं टोक हाताने ओढायच्या रॅचेट पुलरला आणि पुलर समोरच्या झाडाला, खोडाभोवती जाड पट्टा गुंडाळून. तणाव दिला आणि मी बाजूला उभा राहून नळीवर, दांड्यावर नाही, चार पौंडी हातोड्याने ठोके मारत बसलो. मुलगा पुलरचा एक दात पुढे घ्यायचा, मी दहा ठोके, तो परत एक दात. तिसऱ्या फेरीला दांड्याच्या कडेने तांबूस भुगा गळायला लागला, चहात बिस्कीट विरघळतं तसा, आणि मग ठप्प असा आवाज होऊन दांडा इंचभर सरकला. पुढचे सहा इंच यायला वीस मिनिटं लागली. ब्रॅकेट आणि बोल्ट मात्र एवढ्या मारानंतरही जागचे हलले नाहीत, नंतर टॉर्क तपासला तर जिथल्या तिथे.

नळी आतून तारेच्या ब्रशने खरवडली, चारही दांड्यांना दाबून अँटी-सीझ फासलं, पिनांनाही. स्टार परत चार केलेत, आणि मेल करून माफी मागितली. पाचवा स्टार टोप्या देईपर्यंत नाही, या बाबतीत मी हटणार नाही.

तोपर्यंत दांडे लावलेले असतील तेव्हा माझा उपाय म्हणजे जुने टेनिस बॉल, एका बाजूला चीर देऊन दांड्याच्या टोकावर बसवले. फुकट आहेत, रात्री पिवळे चमकतात म्हणून लांबूनच दिसतात, आणि काल मुद्दाम नडगी आपटून बघितली, काहीच लागलं नाही. चार लावले होते, आज सकाळी तीनच दिसले. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या अंगणात एक पिवळा बॉल पडलाय.