कोरेल स्टेम: भोवतीचे हाड काय सांगते

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात सिमेंटविना बसवायच्या स्टेममध्ये, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या धातूच्या दांड्यांमध्ये, कोरेल हे जुने आणि प्रस्थापित नाव आहे. फ्रान्समधील शल्यविशारदांच्या एका गटाने तो विकसित केला आणि १९८६ पासून तो वापरात आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा हा स्टेम वरपासून टोकापर्यंत हाडातील खनिजासारख्या हायड्रॉक्सीअपॅटाइटच्या सुमारे १५५ मायक्रॉन जाडीच्या थराने मढवलेला असतो. त्याची पारख करायची तर माहितीपत्रकापेक्षा एकाच रुग्णाचे ओळीने लावलेले एक्स-रे मला अधिक विश्वासाचे वाटतात.

कठीण हाडाचा ताठपणा मोजणारा अंक साधारण १५ ते २० गिगापास्कल असतो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, तर कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या वर. ताठ धातू भार स्वतःच पेलून खाली नेतो, वरच्या भागातील हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होऊ लागते. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे जाडीतला थोडासा फरकही येथे महागात पडतो. कोबाल्ट-क्रोमच्या, जवळजवळ पूर्ण लांबीवर सच्छिद्र थर असलेल्या एएमएल स्टेमबाबत शल्यविशारद एंग यांनी १९८७ मध्ये हेच दाखवले होते: १३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड स्टेमभोवती हाडाची झीज ठळक होती.

या कसोटीवर कोरेल चांगला उतरतो, पण निष्कलंक नाही. स्टेमभोवतीच्या हाडाचे ग्रुएन यांच्या पद्धतीने सात विभाग पाडले जातात. त्यांतील सातव्या विभागात, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात आतल्या बाजूला असलेल्या कॅल्कार या कठीण हाडावर, पहिल्याच वर्षात घनता कमी होते, आणि शस्त्रक्रियेनंतर करवतीने कापल्यासारखी दिसणारी कॅल्कारची कड पुढे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोलावते. रुग्णाच्या हाती अहवाल पडला की ‘हाड झिजले’ हे शब्द वाचून घरात काळजीचे वातावरण होते. वास्तविक स्टेम जागचा हलला नसेल आणि मांडीत दुखत नसेल, तर ही गोलाई स्टेम घट्ट बसल्याच्या खुणांपैकीच एक असते. हाडाच्या आतल्या पृष्ठभागापासून थेट थराला भिडणारे नव्या हाडाचे पूल दिसले, तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

एक्स-रेवर स्टेम आणि हाड यांच्यामध्ये दिसणाऱ्या काळ्या रेषांबाबत मात्र हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ज्या स्टेमवर फक्त वरच्या भागात थर असतो, त्यांच्या गुळगुळीत टोकाभोवती बारीक रेषा दिसणे अपेक्षितच असते. कोरेलवर थर सर्वत्र असल्यामुळे तशी सवलत त्याला देता येत नाही. रेषा रुंदावत असेल, टोकाखाली हाडाचा आडवा पाट तयार झाला असेल आणि स्टेमही खाली सरकला असेल, तर तो सैल झाला आहे असे धरूनच तपासणी करावी. हाडात गोल, पोखरल्यासारखे खड्डे दिसले, तर दोष बहुधा स्टेमचा नसून कृत्रिम सांध्याच्या वाटीतील पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकच्या झिजेतून सुटलेल्या कणांचा असतो.

बसवण्याच्या पद्धतीतही या स्टेमचे वैशिष्ट्य आहे. त्याचे ब्रोच, म्हणजे हाडात स्टेमसाठी जागा करणारी दातेरी हत्यारे, मऊ हाड खरवडून काढण्याऐवजी दाबून बसवतात, त्यामुळे स्टेमभोवती जिवंत हाडाचे अस्तर टिकते. कॉलर, म्हणजे स्टेमच्या वरच्या भागातून बाहेर आलेली कड, असलेला आणि नसलेला, असे दोन्ही प्रकार मिळतात. माझी पसंती कॉलरला आहे, कारण ती कॅल्कारवर टेकून स्टेमला खाली सरकण्यापासून आणि फिरण्यापासून रोखते. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदणीतील आकडेही सुरुवातीच्या काळातील हाड मोडण्याबाबत कॉलरच्याच बाजूने आहेत. मात्र ज्या वृद्ध रुग्णाचे मांडीचे हाड पातळ भिंतींचे आणि नळकांड्यासारखे रुंद झाले आहे, तेथे मी कोरेलचा आग्रह धरणार नाही. अशा हाडात सिमेंटचा स्टेमच बरा.