मलनिस्सारणाचे वाढीव बिल: खंडपीठ, लोक अदालत की ग्राहक आयोग?

गोव्यात मलनिस्सारण आकार वाढला की सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी लगेच म्हणतो, कोर्टात जाऊया. जायला हरकत नाही, पण आधी आपले भांडण दराशी आहे की बिलाशी, हे ठरवा. दर वाढवणारी अधिसूचनाच बेकायदेशीर आहे, हा एक वाद. दर योग्य आहे पण मला तो चुकीचा लावला, हा वेगळा वाद. दोन्हींसाठी दारे वेगळी आहेत आणि त्यातले एक दार असे आहे की तिथे आधी गेलात तर त्याच वादासाठी दुसरीकडे जाता येत नाही.

दराला आव्हान द्यायचे असेल तर

सर्वांत आधी सुचणारा मुद्दा, म्हणजे 'वाढ फारच झाली', हाच सर्वांत कमकुवत आहे. दिल्ली महापालिकेने कत्तलखान्याचे शुल्क लहान जनावरामागे 25 पैशांवरून 2 रुपये आणि मोठ्या जनावरामागे 1 रुपयावरून 8 रुपये केले, म्हणजे थेट आठपट. उच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली, पण 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. शुल्क आणि सेवा यांचा संबंध असावा लागतो, मात्र तो पै-पैच्या हिशेबाने जुळावा लागत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. त्यामुळे बिल दुप्पट झाले एवढ्यावर याचिका टिकेल अशी आशा धरू नये.

'आकारायचा अधिकारच नाही' हा मुद्दाही गोव्यात जड जातो. मलनिस्सारण व्यवस्था आणि स्वच्छता सेवांसाठी विधानसभेने 2008 साली स्वतंत्र कायदा केला आहे. तेव्हा राज्यघटनेच्या कलम 265 चा, म्हणजे कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही या तत्त्वाचा, दाखला नुसता देऊन भागत नाही. अधिसूचना कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर गेली आहे, हे दाखवावे लागते.

माझ्या मते खरा जोर तारखेत आहे. राज्य सरकारचे राजपत्र दर गुरुवारी निघते आणि सरकारच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. त्यात नव्या दराची अधिसूचना शोधा आणि ती कोणत्या दिवशी प्रसिद्ध झाली, कोणत्या दिवसापासून लागू झाली आणि बिलात कोणत्या महिन्यापासून लावली, या तीन तारखा एकाखाली एक लिहा. मूळ कायद्याने तसा अधिकार दिला नसेल तर अधिसूचनेने मागच्या तारखेपासून बोजा टाकता येत नाही. हे तत्त्व पक्के आहे. अधिसूचना ऑक्टोबरची आणि 'थकबाकी' एप्रिलपासूनची, असे दिसले तर तुमच्या हातात सर्वांत बळकट मुद्दा आला.

आकार पालिकेने लावला असेल तर आणखी एक वाट आहे. 1968 च्या नगरपालिका कायद्याने कर लावण्याआधी पाळायची पद्धत घालून दिली आहे, म्हणून पालिका मंडळाचा ठराव, लोकांना दिलेली सूचना आणि त्यावर आलेल्या हरकतींचे काय झाले, हे सगळे तपासा. मात्र बारीकसारीक चुकांवर भिस्त ठेवू नका. उत्तर प्रदेशातल्या रामपूर पालिकेच्या पाणीकराची सूचना ठरल्याप्रमाणे हिंदी वृत्तपत्रात न येता उर्दू वृत्तपत्रात आली होती. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सूचना प्रसिद्ध करणे बंधनकारकच आहे, पण ती कुठे आणि कशी छापली याबाबत साधारण पालन झाले तरी चालते. कर टिकला. सूचना मुळी निघालीच नाही, हे सिद्ध करता आले तर गोष्ट वेगळी.

अधिसूचना रद्द करण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या गोवा खंडपीठाला आहे. राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका तिथेच करायची. वकिलाचा खर्च एकट्याने उचलू नका, सोसायट्यांनी एकत्र या. आणि याचिका दाखल झाली म्हणजे वसुली थांबली असे समजू नका. महसुलाच्या बाबतीत न्यायालये सरसकट स्थगिती द्यायला राजी नसतात.

बिलाशी भांडण असेल तर

घरगुती जोडणीला व्यावसायिक दर लागला, वाहिनी नसताना आकार आला, वापराचा आकडा चुकला: मला वाटते, बहुतेकांची तक्रार या जातीची असते. तिथे खंडपीठ गाठायची घाई कशाला?

वाहिनीबाबत मात्र एक फरक लक्षात ठेवा. वाहिनी तुमच्या वाड्यापर्यंत पोचलीच नसेल आणि तुम्ही अजून सेप्टिक टाकीवर असाल, तर सेवा नसताना शुल्क का, हा प्रश्न रास्त आहे. वाहिनी दारात आली असूनही तुम्ही जोडणी घेतली नसेल, तर तीच तक्रार लंगडी पडते, कारण 2008 च्या कायद्याचा रोखच जोडणी सक्तीची करण्याकडे आहे.

आधी बिल देणाऱ्या कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सोबत 10 रुपयांचा माहिती हक्काचा अर्ज करून आपल्या जोडणीची नोंद मागवा. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. तरी प्रश्न सुटला नाही तर दोन पर्याय उरतात.

कायम लोक अदालत कमी लोकांना ठाऊक आहे, पण मी तिलाच पहिली पसंती देईन. 1987 च्या विधी सेवा कायद्यातल्या सार्वजनिक उपयुक्त सेवांत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता या दोन्ही येतात. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर निवाडाही दिला जातो. अटी दोन. वाद आधी कोणत्याही न्यायालयात नेलेला नसावा, आणि तिथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी दुसऱ्या न्यायालयात जाता येत नाही. निवाड्यावर अपीलही नाही. म्हणून दरालाच आव्हान द्यायचा विचार मनात असेल तर हा अर्ज करण्याआधी वकिलाशी बोला.

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि सेवेचा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. अडचण अशी की समोरचा पक्ष 'हा कायद्याने लावलेला आकार आहे, विकत दिलेली सेवा नव्हे' असा आक्षेप घेऊ शकतो, आणि मग पहिला वाद त्यावरच रंगतो. दराची वैधता तर आयोग ठरवू शकतच नाही. वाहिनी तुंबली आणि महिनोन्महिने कोणी फिरकले नाही, अशा सेवेतल्या हयगयीसाठी तो योग्य.

कोणताही मार्ग घेतलात तरी बिल थकवू नका. 'हरकत राखून भरणा' असे पत्र देऊन रक्कम भरा आणि पावती जपून ठेवा. परतावा मागायचा तर साधारण तीन वर्षांच्या आत मागा. 1964 पासून सर्वोच्च न्यायालय रिट याचिकेतून परतावा मागतानाही दाव्याची हीच मुदत वाजवी मानत आले आहे.