दंडावरचा शुगर सेन्सर : लातूरच्या उन्हाळ्यातला अनुभव

गोळ्या नियमित चालू होत्या, उपाशीपोटीची शुगरही बहुतेक वेळा समाधानकारक येत होती, तरी गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी आठच्या खाली उतरत नव्हती. हा मेळ कशामुळे बसत नाही हे पाहण्यासाठी आमच्या डॉक्टरांनी दंडाला लावायचा ग्लुकोज सेन्सर सुचवला आणि मी तो ऐन मे महिन्यात लावून घेतला.

दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती आहे. दंडाची मागची बाजू स्पिरिटने पुसायची, कातडी पूर्ण वाळू द्यायची आणि चकती बसवायचे साधन (अ‍ॅप्लिकेटर) त्यावर दाबायचे. खटका वाजतो, सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि सुमारे पाच मिलिमीटरचा लवचिक तंतू कातडीखाली राहतो. बोटाला टोचण्यापेक्षा हे कमी दुखते. तासाभराने मोबाइलवर आकडे दिसू लागतात आणि सेन्सर १४ दिवस चालतो.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्यायला हवी. हा सेन्सर रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे राहतो. म्हणूनच सुट्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा, शुगर चढते की उतरते हे दाखवणारा बाण आणि दिवसभराचा आलेख अधिक मोलाचा आहे.

त्या आलेखानेच माझे कोडे सोडवले. आमच्याकडे सकाळच्या न्याहारीला भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला ठरलेली असते आणि चुरमुरे हलके म्हणून मी ती निर्धास्त खात असे. पहिल्याच सकाळी ती खाल्ल्यावर तासाभरात शुगर १३२ वरून २३१ वर गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तेव्हा ती १७० च्या आसपास थांबली. रात्री जेवून लगेच आडवे होण्याऐवजी वीस मिनिटे शतपावली केली, तर चढ स्पष्टपणे बसका दिसे. पहाटे काहीही न खाता शुगर थोडी वाढते, तीही शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाने यकृत साखर सोडते म्हणून, हे डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून समजावले. शुगर दिवसातला किमान ७० टक्के वेळ ७० ते १८० या पट्ट्यात असावी, असे बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी उद्दिष्ट असते. माझी न्याहारीनंतरची शुगर त्या पट्ट्याबाहेर जात होती आणि उपाशीपोटीच्या तपासणीत ती कधी सापडणारच नव्हती.

उणिवाही आहेत. एका रात्री ५८ आकडा दाखवून गजर वाजला; घाम नाही, थरथर नाही, आणि बोटातून तपासले तर १०४. सेन्सरच्या कुशीवर झोपल्याने तेथे दाब पडतो आणि आकडा खोटा खाली जातो. त्यामुळे लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तर ग्लुकोमीटरने खात्री करावीच. दुसरा त्रास उन्हाचा. पारा बेचाळीसवर गेला की घामाने चिकटपट्टीच्या कडा सुटू लागतात. चकतीच्या मधले छिद्र मोकळे ठेवून कडांवर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली, तेव्हा सेन्सर टिकला. काढताना कडेला खोबरेल तेल सोडल्यास कातडी ओढली जात नाही. क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास तेही डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही सेन्सरचे आकडे त्यामुळे वाढून दिसतात.

एका सेन्सरमागे चार-पाच हजार रुपये लागतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः झोपेत शुगर उतरणाऱ्यांना, तो सतत लावणे उपयोगाचे ठरते आणि त्यांच्यासाठी हा खर्च कमी व्हावा असे मनापासून वाटते. केवळ गोळ्यांवर असलेल्याने मात्र दर महिन्याला दोन सेन्सर घेण्याची गरज मला दिसत नाही. गोळी बदलली किंवा आहार बदलला की एक लावावा आणि आलेख घेऊन डॉक्टरांकडे जावे. माझा पुढचा सेन्सर मी हुरडा आणि येळवशीच्या (शेतात जेवायला जायच्या वेळा अमावास्येच्या) दिवसांत लावणार आहे, कारण तेव्हा जेवणाच्या वेळा आणि ताट दोन्ही बदलतात.